टोमॅटोची साल

भिऊ नका ताई, गोष्ट भर दुपारची आहे. चिमी माझ्या मांडीवर झोपलीय, म्हणून हळू बोलते. सगळं ऐकून घ्या, मग तुम्हाला एक बघायला सांगणार आहे.

मी सातवी शिकलेली. दवाखान्यांसाठी ॲप बनवणाऱ्या कंपनीने मला घेतलं ते त्याच कारणाने. ऑपरेशननंतर घरी गेलेल्या पेशंटने रोज जखमेचा फोटो पाठवायचा आणि जखम भरतेय की चिघळतेय ते ॲपने सांगायचं. माझ्यासारखीला ते जमलं तर कोणालाही जमेल, असा त्यांचा होरा. आमच्या विभागाचं काम एकच, चुका शोधायच्या. साहेबांना तर सगळे खुसपटदादाच म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पेशंट खोटा बनवायचा. आपल्या घरचं काही घालायचं नाही."

तपासायला जखमांचे फोटो दिलेले असायचे. पिवळा पू, टाक्यांतून वर आलेलं मांस, कातडीसकट निघालेली पट्टी… डबा उघडला की तेच डोळ्यांपुढे. तीन दिवस घास उतरला नाही. मग मला नको ते शहाणपण सुचलं, ते फोटो बघण्यापेक्षा आपणच एक खोटी जखम बनवावी. घरी माझी चिमी अशीच गाढ झोपली होती. तिच्या पोटरीवर पिकलेल्या टोमॅटोची साल चिकटवली, थोडा गर फासला आणि फोटो काढला. नाव खोटं घातलं. जन्मतारीख काही सुचेना, म्हणून चिमीचीच घातली. ॲप म्हणालं, 'जखम. दिवस पहिला.' मला हसू आलं. पाय पुसला, साल केराच्या डब्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बघते तर दुसरा फोटो आलेला. मी पाठवलाच नव्हता. तीच पोटरी, खाली आमचीच निळ्या बदकांची चादर. साल मात्र कातडीत रुतलेली, आणि कडा भिजलेल्या पावासारख्या पांढऱ्याफट्ट फुगलेल्या.

घरी फोन लावला.

"पाय? चांगला ठणठणीत आहे की," सासूबाई म्हणाल्या. "घरभर दुडदुडतेय. तुझा जीव म्हणजे बाई सदा टांगलेला!"

फोटो रोज येतच राहिले. चौथ्या दिवशी गर हिरवा पडला. पाचव्या दिवशी त्यात तांदळाच्या कण्यांसारखं काहीतरी पांढरं होतं. मी मोजले, सात दाणे. पाणी पिऊन आले, पुन्हा मोजले… नऊ.

त्या संध्याकाळी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "अगं, उंदीर मेलाय का कुठे? माळा शोधला, कपाटं ओढली. पोरीला उचललं की वास येतो."

मी चिमीला दोनदा आंघोळ घातली आणि तडक डॉक्टरांकडे नेली. त्यांनी पोटरी दाबून पाहिली, म्हणाले, "काही नाही, उगाच घाबरता." हात मात्र त्यांनी तीनदा धुतले.

सकाळी खुसपटदादांना सगळं सांगून टाकलं.

"चूक असेल तर पुन्हा करून दाखव," ते म्हणाले. "त्याशिवाय मी नोंदवून घेत नाही."

"पुन्हा? पोरीच्या पायावर? नोंद पुसून टाका ना दादा."

"दवाखान्याची नोंद पुसता येत नाही गं. फक्त बंद करता येते."

बंद करायला दोनच बटणं होती. 'बरी झाली' यासाठी स्वच्छ पायाचा फोटो लागतो. 'दगावली' याला काहीच लागत नाही.

"हे खालचं दाब नि मोकळी हो. खोटीच तर आहे." त्यांचा हात माउसकडे गेला.

मी त्यांचं मनगट धरलं. कुठून बळ आलं कोण जाणे. "दादा… जन्मतारीख माझ्या पोरीची आहे."

त्यांनी हात सोडवून घेतला आणि पँटला पुसला.

घरी येऊन मी चिमीच्या स्वच्छ पायाचा फोटो पाठवला. ॲप म्हणालं, 'हा फोटो या पेशंटचा नाही.' आधी मी रडकुंडीला आले. मग वाटलं, वेडे, रडतेस काय? या पेशंटचा नाही म्हणजे तो सडका पाय दुसऱ्याच कोणाचा तरी आहे. माझ्या चिमीचा नाही! तेव्हापासून रोज फोटो पाठवायचा, ती ओळ वाचायची आणि मगच घास घ्यायचा, असं चाललं होतं. घरातला वास काही जात नव्हता, पण त्या एका ओळीवर माझी झोप होती.

आज दुपारी पाठवला. बराच वेळ चाक फिरत राहिलं. मग अक्षरं आली.

'फोटो जुळला. जखम. दिवस अकरावा.'

तेव्हापासून मी अशी बसलेय. सासूबाई आता जवळ येत नाहीत. माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास राहिला नाही, म्हणून शेजारून तुम्हाला हाक मारली. हा बघा पाय. कुठे ओरखडासुद्धा नाही ना? ही माशी तेवढी… मघापासून हाकलतेय, पुन्हा त्याच जागी येऊन बसते.

असं लांबून काय बघता ताई, जरा जवळ या. नाकाला रुमाल लावलात तरी मी राग मानणार नाही.