नऊवारीतला शड्डू

नजीराच्या पदरात या नाटकातून काय पडणार होतं? बोटाला चार सुया टोचणार, एवढीच कमाई.

पणाला सगळं लागलं होतं ते दिलदारचं. शिरोळहून तो कुस्तीसाठी कोल्हापुरात आला, खांदा निखळला, आणि नाजूक चेहऱ्यामुळं नाटक कंपनीची नायिका झाला. महाराजांना गादीवर येऊन पंधरा वर्षं झाली होती, तरी रंगमंचावर लुगडं नेसायचे ते पुरुषच.

करीम शिंप्याच्या दुकानात तो आला, तेव्हा करीम बाहेर गेला होता, लेक नजीरा एकटीच होती. चोळी उसवलीय, एवढं सांगताना गडी कानापर्यंत लाल झाला. त्याच्या दंडाभोवती दोरा धरून नजीरानं माप घेतलं.

"दंड हाय का देवळाचा खांब?"

"दोराच आखूड हाय की तुमचा..."

मग चोळी वरचेवर उसवू लागली. चौथ्या खेपेला टाके उसवले नव्हते, वस्तऱ्यानं कापले होते. शिंप्याच्या लेकीला ते कळलं. तिनं टाके पुन्हा घातले.

नाटक होतं साहेबांच्या मुलखातलं, तीनशे वर्षांपूर्वीचं, भलतंच चावट. तिकडंही तेव्हा पुरुषच बायका व्हायचे म्हणे. चार वर्षांमागं कंपनीनं ते मराठीत आणलं, पण नायिका इतकी लाजाळू केली की चावटपणा नुसता पुरुषांच्या वाट्याला आला. बायका तोंड फिरवून उठून गेल्या. आता मालक गणपतराव ते पुन्हा उभं करत होते.

घोडं एकाच जागी अडत होतं. नायिका बढाईखोर नवऱ्याला वादात चीत करते, आणि नेमकं तिथं दिलदारचा हात सवयीनं वर जाई... दंडावर थाप, मांडीवर थाप. शड्डू! गणपतरावांनी बजावलं, खेळात असं झालं तर लुगडं कंपनीतल्या सयाजीला मिळेल.

दिलदारनं ते नजीराला सांगितलं, मान खाली घालून.

"ठोका की," ती म्हणाली.

"बाई कधी शड्डू ठोकती व्हय?"

"नवऱ्याला चीत केल्यावर? रोज ठोकती... मनात. कुणाला दिसत न्हाय, इतकंच."

तो तिच्याकडं बघतच राहिला. तिनं सुईत दोरा ओवायला घेतला. तो काही केल्या ओवला जाईना.

खेळाच्या दिवशी नजीरा बायकांच्या जागेत, बांबूच्या चिकाच्या पडद्यामागं बसली. नवरा चीत झाला. दिलदार क्षणभर थांबला, त्यानं चिकाच्या पडद्याकडं बघितलं, आणि पदर खोचून असा शड्डू ठोकला की चोळीची बाही खांद्यापर्यंत फाटली. पहिली हसली ती एक म्हातारी, धोंडुबाई. तिच्यामागं सगळा पडदा हलला. एकही बाई उठली नाही. नजीराची मान अशी ताठ झाली, जणू कुस्ती तिनंच मारली होती.

दुसऱ्या दिवशी दिलदार दुकानात उभा. करीम समोरच होता. चोळी बघून म्हणाला, ही आता शिवण्यापलीकडं गेली.

"चोळीसाठी न्हाय आलो, चाचा," दिलदार म्हणाला. "मालक शड्डू ठेवा म्हणत्यात, दर खेळाला फाटणार ही. शिवणारी... जलमभराची पायजे."

करीमनं लेकीकडं बघितलं. ती गालात हसत होती.

"शिवीन की," नजीरा म्हणाली. "पर वस्तरा घरी ठेवायचा, पैलवान."

गणपतरावांचं थेटर भरू लागलं, सयाजीला नवऱ्याचं काम मिळालं, करीमला जावई. झळ सोसली ती एकट्या चोळीनं, आणि तीही दर खेळाला.