मागे वळून बघायचं

खाडीच्या चिखलात वाकून ती गवताची रोपं मोजत होती, तेवढ्यात मागून कुणीतरी तिचा दंड धरला.

"हात सोड."

त्याने सोडला. संशोधन गटात कालच आलेला पक्षीवाला – कमरेपर्यंत भिजलेला. त्याने नुसतं बोट दाखवलं. परतीची वाट भरतीच्या पाण्याखाली चालली होती… मग तिनेच त्याचं मनगट घट्ट धरलं.

काठावर गटप्रमुख बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "शिट्टी वाजली की मागे फिरायचं, नियम आहे ना?"

नियम सगळ्यांच्या जिवासाठीच होता. हिचे कान तेवढे हिशेबात धरायचे राहिले होते. तिला कमी ऐकू यायचं, आणि कानातलं यंत्र भिजू नये म्हणून ती ते काठावरच ठेवायची.

"उद्यापासून तू प्रयोगशाळेत. तुझ्याच भल्यासाठी."

तिने ते ओठांवरून वाचलं. चिखल सुटला की तिचं कामच सुटलं.

"चूक शिट्टीची, आणि आत बसायचं हिनं?" तो म्हणाला.

"तू कालचा आलेला–"

"म्हणून तर दिसलं, बाई."

तिने यंत्र कानात घातलं. "जोडीनं उतरू. सारखं वळून एकमेकांकडे बघायचं, हात वर करायचा. हात दिसला नाही की सगळे मागे."

"उद्याचा दिवस बघते. फसलं तर प्रयोगशाळा. हिच्या जोडीला कोण?"

त्याचा हात आधीच वर होता.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला होता. ती वळे, तो हात करी, वर हसेही. तिला हसू सुचत नव्हतं. एकदा वळली… तर हातच नाही. तो मांड्यांपर्यंत रुतलेला, दोन्ही हात चिखलात, तोंडात गळ्यातली शिट्टी. गाल फुगत होते, पण आवाज वारा उलटाच नेत होता. काठावर कुणी मानही वर केली नाही.

तिने दोन्ही हात उंचावले, जिवाच्या आकांताने हलवले. बाईंची नजर वळली, मग सगळे दोर घेऊन धावले.

तो बाहेर निघाल्यावर बाईंनी गळ्यातली शिट्टी काढली. "आता सगळ्यांना तुझाच नियम," त्या तिला म्हणाल्या, आणि दोर गुंडाळायला गेल्या.

तो तिच्यासमोर बसला, ओठ दिसतील असा. "एक सांगू? नियमापेक्षा जरा जास्तच बघत होतीस."

"तुला काय माहीत? आज पक्षी किती मोजलेस?"

तो चिखल खरवडत राहिला.

"एकही नाही."

इथे कोरडी जमीन होती, भरती लांब होती… तरी तिने हात वर केला. त्याने तो धरला. या वेळी ती 'सोड' म्हणाली नाही.