दहा बोटं आणि एक कपाळ

"कान," मागून कुणीतरी म्हणालं.

तिनं वळून पाहिलं. व्हिसा केंद्राशेजारच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या छपरावरून पाणी ठिबकत होतं. ते चुकवण्यासाठी अंग चोरून एक उंच माणूस तिच्या मागे उभा होता. हातात चहाचा कागदी कप, आणि नजर थेट तिच्या फोटोवर.

"काय म्हणालात?"

"फोटोत कान दिसत नाहीयेत तुमचे. केसांखाली गेलेत. परत पाठवतील."

काउंटरवर तिची फाइल उघडी होती. पासपोर्ट, नेमणुकीचं पत्र, विमा, राहण्याच्या जागेची सोय... प्रत्येक कागदाला वेगळ्या रंगाची चिठ्ठी, अगदी ती प्रयोगशाळेतल्या बाटल्यांना लावायची तशी. त्या फाइलमध्ये कुणी खोट काढू शकेल हे तिला मुळीच पटलं नाही.

"तुम्ही काय त्या देशाचे राजदूत आहात का?"

"छे हो. त्यांच्या दारातला माणूस. पण कान नसले की दार उघडत नाही."

"मी तिकडे रसायनशास्त्रात संशोधन करायला चाललेय. कानांचं तिथं काय काम?"

"असं कसं? दोन वर्षं सगळे परक्या भाषेत बोलणार. ऐकावं तर लागेलच ना?"

तिला हसू आलं होतं, पण ते तिनं ओठांच्या आतच अडवलं. दुकानदार मात्र फोटोसाठी पांढरा पडदा सोडूनही मोकळा झाला होता. "ताई, ते म्हणतायत तर काढून घ्या दुसरा. रोजचं काम आहे त्यांचं."

तिनं केस कानांमागे सारले. फोटो आला तेव्हा तिला वाटलं, आपण माणूस नसून दोन दांड्यांचा कप आहोत. मागे वळून तसं सांगावं म्हटलं, तर तो निघून गेला होता. उगीचच चुकल्यासारखं झालं. ओळख ना पाळख... आणि चुकल्यासारखं?

व्हिसा केंद्राच्या आत सगळं पांढरं आणि गार होतं. ओळीनं खुर्च्या, भिंतीवर आकडे दाखवणारी पाटी, आणि आपापली फाइल बाळासारखी पोटाशी धरून बसलेली माणसं. तिचा आकडा लागला. कागद तपासणाऱ्या मुलीला तिच्या फाइलमध्ये बोट ठेवायला जागा सापडली नाही. मग तिला काचेच्या खोलीत पाठवलं, बोटांचे ठसे द्यायला.

खोलीत निळं जॅकेट घालून तोच बसला होता.

तिच्या अर्जावरच्या फोटोकडे त्यानं गंभीरपणे पाहिलं. "छान आलेत कान."

"सरळ कामाला लागलात तर बरं."

"उजव्या हाताची चार बोटं. काचेवर टेकवा. दाबू नका, नुसती टेकवा."

तिनं टेकवली. यंत्रातून हिरवा उजेड आला, आणि थोड्या वेळानं लाल. त्यानं काच पुसली. पुन्हा लाल. डावा हात... तोही लाल. पडद्यावर जिथं ठसे उमटायचे तिथं चार फिकट ढग दिसत होते.

तो पडद्याकडे झुकला. आता त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. "तुम्ही हातांनी काय काम करता?"

"काचेची भांडी धुते. प्रयोगाची. ॲसिटोननं, कधी आम्लानं."

"हातमोजे?"

"त्यांनी पकड येत नाही," ती म्हणाली. आणि तिला शाळेत गृहपाठ विसरलेल्या मुलीसारखं वाटलं.

"तुमच्या बोटांवरच्या रेषा झिजल्यात. गवंड्यांचं असं होतं, धोब्यांचं होतं. घाबरू नका, कातडी पुन्हा भरते. पण तीनच संधी असतात. तिसऱ्यांदाही ठसे आले नाहीत तर अर्ज परत जातो."

"परत जाऊन चालणार नाही." तिचा आवाज तिलाच बारीक वाटला. "महिनाअखेरीला हजर झाले नाही तर ते जागा दुसऱ्याला देतील. या जागेसाठी मी तीन वर्षं अर्ज करतेय."

मग त्यानं एका कोऱ्या कागदावर लिहून दिलं – मलम, हातमोजे, ॲसिटोन बंद. "पुढच्या आठवड्यात या. आणि मध्ये एकदा बोटं दाखवून जा. दुपारच्या सुट्टीत मी बाहेरच्या बाकावर असतो."

"हे केंद्राच्या नियमात आहे?"

"नाही," तो म्हणाला. "बाक महापालिकेचा आहे."

घरी वहिनीनं सगळी हकीकत ऐकली आणि नणंदेचा ताबाच घेतला. ओट्यापाशी जायचं नाही, साबणाला हात लावायचा नाही. रात्रीच्या जेवणानंतर ती समोर बसून एकेका बोटाला मलम चोळायची.

"काय हो वन्सं, तुमचा तो बोटवाला दिसायला कसा आहे?"

"माझा नाही आणि मी नीट पाहिलंही नाही."

"अगंबाई! सूक्ष्मदर्शकातून जंतू मोजणारी तू, आणि समोरचा सहा फुटी माणूस दिसला नाही?"

"जंतू जीवशास्त्रवाले मोजतात, वहिनी. आणि सहा फूट नाही, थोडा कमी आहे."

वहिनी इतकी हसली की मलमाची डबी लवंडली.

ती बोटं दाखवायला गेली. एकदाच जायचं होतं, पण दुसऱ्या दिवशी आपसूक पाय तिकडे वळले, आणि मग रोजच. बाकावर झाडाची पानं थेंब थेंब पाणी गाळत असायची. तो डबा बाजूला ठेवायचा, निळं जॅकेट काढून घडी घालून मांडीवर घ्यायचा, आणि मगच हात पुढे करायचा.

"हे जॅकेट काढण्याचं काय नाटक आहे?"

"नाटक नाही, नियम. अर्जदाराला आम्ही हात लावायचा नाही. जॅकेट अंगात असलं की मी कर्मचारी."

"आणि नसलं की?"

"नसलं की..." तो तिच्या अनामिकेचं टोक उजेडात फिरवत म्हणाला, "बाकावरचा माणूस."

तिनं त्याला सांगितलं की बोटांवरच्या या रेषा जन्माआधीच पडतात, आणि वरची कातडी झिजली तरी खालच्या थरात नकाशा तसाच राहतो. त्यानं तिला सांगितलं की पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्या आजीबाई यंत्राला आधी नमस्कार करतात. त्याच्याकडे स्वतःचा पासपोर्टही होता. पूर्ण कोरा.

"एवढ्या लोकांना पाठवता आणि तुम्ही कुठंच गेला नाहीत?"

"कुणी बोलावलंच नाही."

हे तो हसतच म्हणाला. तरी ती परतताना दोन चौक चुकून पुढे गेली.

बोटांवर रेषा दिसू लागल्या. भिंगाखाली तिनं त्या स्वतः पाहिल्या, नीट आणि वळणदार. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी ती पुढचं मोजत बसली. ठसे आले की अर्ज जाणार, अर्ज गेला की व्हिसा येणार... आणि मग बाकाचं काय?

दुसऱ्या भेटीच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेत एक चंबू धुवायचा होता. हातमोजे शेजारीच पडले होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. नुसता एक चंबू, तिनं स्वतःला सांगितलं, आणि उघड्या उजव्या हातानं ॲसिटोनची बाटली उचलली. मग दुसरा चंबू धुतला, आणि तिसरा. आयुष्यात तिनं कधी निष्कर्ष मनासारखा यावा म्हणून प्रयोगात ढवळाढवळ केली नव्हती. त्या दिवशी केली.

दुसऱ्या भेटीत डावा हात पहिल्याच खेपेला हिरवा झाला. उजवा लालच राहिला. त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

"कोरडी आहेत बोटं," तो एवढंच म्हणाला. "आता शेवटची संधी."

घरी पोचेपर्यंत तिला आपल्या वेडेपणाची भीती वाटू लागली होती. एका बाकासाठी आपण तीन वर्षांची मेहनत पणाला लावली? तिनं मलमाची डबी उघडली आणि उजव्या हाताला हातमोजा चढवला, तो झोपेतही काढला नाही. बाकाकडेही फिरकली नाही. तिकडे गेलं की आपलं डोकं ठिकाणावर राहत नाही, हे आता सिद्ध झालं होतं.

तिसऱ्या भेटीच्या सकाळी वहिनीनं तिला समोर बसवून चेहऱ्यावर चांगली पावडर थापली. "शेवटची संधी आहे. जरा माणसात दिसू दे."

काचेच्या खोलीत या वेळी केंद्राच्या मॅडमही उभ्या होत्या. सगळे त्यांना पाठीमागे 'दुर्बीण' म्हणत, कारण त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. शेवटच्या संधीला त्यांची हजेरी सक्तीची होती.

उजवी चार बोटं टेकवली. लाल झालं.

"पुन्हा," तो म्हणाला. "रेषा आहेत. मला दिसतायत. नुसता ओलावा कमी पडतोय. बोटं कपाळावर फिरवा, कातडीचं तेल लागतं."

तिनं फिरवली. काचेवर पांढरे डाग उमटले. पावडर! मॅडमनी सुस्कारा सोडला. त्यानं काच पुसली, पुन्हा पुसली. तिनं हात कपड्याला चोळून पाहिले. मनातल्या मनात वहिनीला आणि स्वतःला, दोघींना शिव्या घातल्या. डोळ्यांत पाणी आलं.

मग तिनं त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या गार खोलीत तो घामानं डबडबला होता. कपाळ आरशासारखं चमकत होतं.

तिनं विचार केला नाही. काउंटरवरून पुढे वाकून उजव्या हाताची चारही बोटं त्याच्या कपाळावर टेकवली. दाबली नाहीत, नुसती टेकवली. त्यानं डोळे मिटले. मग तीच बोटं तिनं काचेवर ठेवली.

हिरवा.

पडद्यावर चार ठसे उमटले. एकही रेषा तुटलेली नव्हती.

"हे तुमचे कोण?" मॅडमनी विचारलं.

"क... कुणी नाही," ती म्हणाली. कानांच्या पाळ्या तापून लाल झाल्या होत्या. केस मागे असल्यानं ते सगळ्यांना दिसत होतं.

"मॅडम, नियम..." तो उठून उभा राहिला.

"नियम मला माहीत आहे. कर्मचाऱ्यानं अर्जदाराला हात लावायचा नाही. इथं अर्जदारानं लावलाय. त्याबद्दल नियमात काही नाही." त्यांनी सही केली आणि दारातून वळून म्हणाल्या, "या खोलीत कॅमेरा आहे, आणि माझ्या खिडकीतून तो बाकही दिसतो. एवढंच सांगून ठेवते."

दुपारी ती बाकावर जाऊन बसली. तो आला, जॅकेट काढलं, आणि घडी न घालताच बाजूला टाकलं.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "दुसऱ्या वेळी... मी मुद्दाम..."

"उघड्या हातानं भांडी धुतली होती. माहीत आहे."

"कसं?"

"डावा हात धडधाकट आणि उजवा तेवढा सुकलेला. आजार असता तर दोन्ही हातांना झाला असता."

तिला मान वर करवेना. मग एकदम काहीतरी लख्ख उजेडात आलं आणि तिनं मान वर केलीच. "थांबा. ही कपाळाची युक्ती तुम्हाला आधीपासून माहीत होती?"

"आमचं पहिल्या दिवसाचं शिक्षण आहे ते."

"मग दुसऱ्या वेळी का नाही सांगितली? चालली असती?"

"चालली असती." तो आपल्या तळहातांकडे बघत होता. "पहिल्या वेळी रेषाच नव्हत्या. दुसऱ्या वेळी पुरेशा होत्या. पण सांगितली असती तर... तू तिसऱ्यांदा आली नसतीस."

तू. तिनं तो शब्द ऐकला आणि जपून ठेवला.

"आणि आज ठसे आले नसते तर? माझी जागा गेली असती!"

"म्हणून तर एवढा घाम फुटला होता! आठ दिवस झोप नाही. तू इकडे फिरकलीही नाहीस. वाटलं, तुझं सगळं मीच बुडवलं. माफ कर."

रागवायचं तिनं ठरवलं होतं, पण ते तिला जमेना. दोघांनीही एकाच प्रयोगात लबाडी केली होती, एकमेकांना न सांगता, आणि निष्कर्ष एकच निघाला होता. विज्ञानात यालाच पुरावा म्हणतात.

"कोरा पासपोर्ट अजून चालू आहे ना?" तिनं विचारलं.

"आहे."

"पाहुणा म्हणून यायला काय काय लागतं?"

"फोटो, तिकीट, विमा..." तो सवयीनं बोलत गेला आणि अडखळला. "आणि तिथल्या कुणाचं तरी बोलावणं."

"कान दिसतील असा फोटो काढून ठेव," ती म्हणाली. "बोलावणं मी बघते."

महिना संपायच्या आत ती त्या देशाच्या विमानतळावर उभी होती. काचेमागे पिकल्या केसांची एक अधिकारी बाई बसली होती. तिनं यंत्राकडे खूण केली. विमानातल्या कोरड्या हवेनं बोटं कागदासारखी झाली होती. लाल दिवा लागला. मागची रांग चुळबुळली.

ती मुळीच घाबरली नाही. बोटं कपाळावर फिरवली, लांबच्या प्रवासानं कपाळ चांगलं तेलकट झालं होतं, आणि काचेवर टेकवली. हिरवा.

अधिकारी बाईच्या भुवया वर गेल्या. "अरे वा! हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

मागे एकदा असाच प्रश्न आला होता, तेव्हा तिची जीभ अडखळली होती. या वेळी नाही अडखळली.

"घरच्या माणसानं," ती म्हणाली, आणि पासपोर्ट उचलून आत गेली.