घरची उशी

सांगतो, पण दिवा जरा लांब ठेव.

मी या शहरात कामाला निघालो तेव्हा आईने कपड्यांच्याही आधी उशी बांधली. "नव्या जागी झोप लागत नाही, ठोंब्या. डोक्याखाली घरचं काहीतरी असावं." ठोंब्या हे माझं घरचं नाव. आईशिवाय कोणी तशी हाक मारलेली मला खपत नसे.

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लाँड्रीत मी इस्त्रीच्या रोलरवर लागलो. राहायला जागा मिळाली तीही अर्धीच. एक खोली, एक खाट. रात्री मी झोपायचं, दिवसा कोणी रात्रपाळीवाला. "एकमेकांचं तोंड बघायला नको," मालकीणमावशी हसत म्हणाल्या, "नवराबायकोपेक्षा बरं जमेल तुमचं!"

जमलंही. संध्याकाळी यावं तर खाट गरम असे. कापडाची ऊब किती ताजी आहे, हे मला बोटांनी कळतं, कामच ते. ही ऊब आत्ता उठून गेलेल्या माणसाची असे. जिन्यात मात्र मला कधी कोणी भेटलं नाही.

कामावर यंत्रांच्या घरघरीत बोलणं अशक्य, आणि खोलीवर बोलायला कोणी नाही. जीव अगदी कासावीस व्हायचा. मग मी उशीत तोंड खुपसून घरचं बोलत बसे. आईचा दुखरा गुडघा, मागच्या दाराची कधीच न बसणारी कडी, लहानपणीचा मार. सगळं ओकून टाकलं की झोप लागे. सकाळी उशी तिथेच टाकून मी कामावर पळायचो.

एका संध्याकाळी आईला फोन लावला.

"पुन्हा? अरे, दुपारी तर पोटभर बोललास. कडीचंसुद्धा विचारलंस."

दुपारी मी रोलरवर होतो, आणि कामावर असेपर्यंत आमचे फोन कुलपात असतात.

"आई, तो मी नव्हतो."

"चल, काहीतरीच! मला तुझा आवाज कळत नाही होय रे?"

मी तडक मावशींकडे गेलो. त्या भाजी निवडत होत्या.

"दिवसा येतो तो माणूस... दिसायला कसा आहे?"

त्यांचा हात थांबला. "आधी चांगला उंच वाटायचा. हल्ली..." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "हल्ली पाठमोरा दिसला की वाटतं, तूच आहेस."

दुसऱ्या दिवशी परतलो तर खाट गार होती. उशी नव्हती. त्या गार चादरीवर हात ठेवला आणि तो कुठे गेला ते मला कळलं. मिळेल त्या गाडीने निघालो.

पोचलो तेव्हा दारात ऊन आलं होतं. माझी उशी दोरीवर वाळत होती. मी मागच्या दाराने गेलो, नेहमीसारखा. आईने दार उघडलं, मला नीट बघितलं.

"कोण हवंय तुम्हाला?"

आईने मला 'तुम्ही' म्हटलं.

"आई... मी... ठोंब्या..."

ती घाबरली. तिने दार लोटलं आणि कडी लावली. ती कडी पहिल्या झटक्यात बसली. कोणीतरी दुरुस्त केली होती. आतून माझा आवाज आला, "कोण होतं गं?"

पायरीवर बसून खूप रडलो. मग जाणार कुठे? परत इथेच आलो. मावशींनी रात्रीची बाजू एका नव्या माणसाला देऊन टाकली होती. "तुमची दिवसाची ना?" त्या म्हणाल्या. त्याही मला 'तुम्ही'च म्हणाल्या. मी लाँड्रीत रात्रपाळी मागून घेतली.

नव्या माणसाने घरून उशी आणली आहे, फुलाफुलांच्या अभ्र्याची. सकाळी तिच्यावर डोकं टेकलं की मला त्याचं घर ऐकू येतं. त्याच्या आईची हाक आता मला पाठ आहे. मी कानावर हात ठेवून बघितले, जमिनीवर झोपून बघितलं. उपयोग नाही. आणि खरं सांगू? हल्ली ते ऐकायला बरं वाटतं.

आज दाढी करताना माझ्या गालाला खळी पडली. मला खळी कधीच नव्हती. म्हणून म्हटलं, दिवा लांब ठेव.