आखणी राहिलेली बाई

तो जनरेटर आधी बंद करा रे कुणीतरी, कान किटले माझे. शेकोटीचा आहे तेवढा उजेड पुरे. गुरुवारची रात्र आहे, उद्या कुणाला ड्यूटी नाही. कुवेतच्या वाळवंटात तंबू ठोकून मोबाइलच बघणार असाल, तर मग घरी काय वाईट होतं? अक्षदा, पालथा ठेव तो. हं.

तुम्हाला भुताची गोष्ट हवी म्हणता. भूत म्हणायचं की आणखी काही, हे मला ठाऊक नाही आणि ज्याच्यावर बेतली त्या रविकांतलाही नाही. रविकांत म्हणजे एगैलाच्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतो तो. मूळचा नाशिकचा, रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनियर. कपाळावर कायम आठी. लिफ्टला उशीर झाला तर लिफ्टशी भांडेल असा माणूस. पण मनानं सरळ, आणि खोटं रचून सांगायची अक्कल त्याला देवानं दिलेली नाही. त्यानं मला जे सांगितलं तेच सांगतो.

त्याची बायको चारुशीला. अब्बासियातल्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवायची. माहेर पेणचं, गणपतीच्या कारखान्यातलं. त्यांच्या कारखान्यात मूर्तीला हात कितीही जणांचे लागोत, डोळ्यांची आखणी मात्र एकच हात करायचा आणि ती सगळ्यात शेवटी. डोळे आखले की मूर्ती बघायला लागते, असं तिचे वडील म्हणायचे. चारुशीला फ्रॉक घालायची तेव्हापासून आखणी करत होती. बिनडोळ्यांची मूर्ती पुढ्यात आली की तिला राहवायचं नाही. नवऱ्याला थट्टेनं सांगायची, "बिचारी चाचपडत असेल हो, तिला तशी कशी सोडायची?"

नेमके तिचेच डोळे जायला लागले. आधी अंधुक उजेडात दिसेनासं झालं. मग दोन्ही बाजूंनी काळोख आत सरकत आला आणि मधल्या बिळातून बघावं तेवढीच नजर उरली. जाब्रियाच्या डॉक्टरनं सांगितलं, पडद्याचा आजार आहे, औषध नाही. दोन-चार वर्षं निभतील. जे बघावंसं वाटतं ते बघून घ्या.

तिला एकच चित्र बघायचं होतं. इटलीत, फ्लॉरेन्सपासून बसनं वर डोंगरात जावं लागतं अशा एका गावात जुनं चर्च आहे. नाव सांगणार नाही, तुम्ही लगेच गूगल कराल. आतल्या भिंतीच्या भिंती पाचशे वर्षांपूर्वी ओल्या चुन्यावर काढलेल्या चित्रांनी भरलेल्या. त्यातल्या एका भिंतीवर बाळंतिणीची खोली आहे. पलंगावर दमलेली आई, बायकांची लगबग, आणि बाळाच्या अंघोळीचं पाणी हात घालून बघणारी सुईण. जुन्या कॅलेंडरातलं ते पान चारुशीलानं वर्गात लावलेलं. पोरांना म्हणायची, बघा, आपल्याच घरातलं वाटतं की नाही?

रविकांत दर वर्षी म्हणायचा, यंदा नक्की जाऊ. आणि दर वर्षी रिफायनरीचं शटडाउन आडवं यायचं. डॉक्टरकडून निघाल्यावर पार्किंगमध्ये तो गाडी सुरूच करेना. स्टिअरिंगवर मुठी आपटत राहिला. "मीच उशीर केला, चारू." ती म्हणाली, "अहो, हॉर्न वाजतोय. लोक बघतायत."

मग सुरू झाली धावाधाव. व्हिसाची अपॉइंटमेंट मिळेना. मिळाली तर रजा मंजूर होईना. रजा मिळाली तर तिकिटं भलत्याच तारखेची. रविकांतनं सगळ्यांशी भांडून घेतलं आणि डिसेंबरात कशीबशी दोघं तिथं पोचली. त्या गावाची बस डोळ्यांदेखत निघून गेली. दुसरी मिळाली ती रडतखडत चढली. पोचतात तो चर्चच्या दाराला कुलूप! दुपारची वेळ, आता थेट संध्याकाळी उघडणार.

"भर दुपारी बंद?" रविकांत पायऱ्यांवर ओरडला. "एवढ्या लांबून माणसं येतात आणि हे झोपा काढतात!"

"आपल्याकडे नाही का देव दुपारी झोपत?" चारुशीला हसत होती. तिला नुसतं त्या पायऱ्यांवर बसूनही बरं वाटत होतं. याला मात्र घटकाघटकाला उतरणारं ऊन दिसत होतं. ऊन गेलं की हिचं दिसणं संपलं, हे त्याला पक्कं माहीत होतं.

आणि झालं तसंच. दार उघडलं तेव्हा दिवस मावळत आलेला. तिकीट देणाऱ्या म्हातारीनं खुणेनंच सांगितलं, थोडाच वेळ आहे, फोटो नाही, टॉर्च नाही. आत पाऊल टाकलं तर देवळाच्या गाभाऱ्यात असतो तसा मिणमिणता उजेड. चारुशीलानं त्याचा दंड घट्ट धरला.

"आलं का?"

"समोरच आहे."

"मला काळंच दिसतंय हो सगळं."

एवढा प्रवास करून बाई चित्रापुढं उभी, आणि पुढं नुसता काळोख.  तेवढ्यात त्याला भिंतीजवळची पेटी दिसली. तिकडच्या चर्चमध्ये असतं तसं. नाणं टाकायचं, मग चित्रावरचा दिवा लागतो. याच्या खिशात युरोचं एक नाणं नव्हतं! सगळीकडे कार्ड टेकवत आलेला. म्हातारीकडे धावला, तिनं पेटीकडे बोट दाखवलं. बाहेर पडणाऱ्या एका जोडप्यापुढं त्यानं हात पसरला, तर ते खांदे उडवून गेले. शेवटी कोटाच्या खिशात सापडलं कुवेतचं पन्नास फिल्सचं नाणं. आकार साधारण तोच. टाकलं.

दिवा लागला.

चारुशीलाच्या तोंडून हुंकार निघाला नुसता. ती बिळातून बघायची ना, एवढी मोठी भिंत, कुठं काय ते शोधण्यातच वेळ जाणार. इकडून तिकडे मान फिरवत होती. रविकांतनं मात्र पूर्ण भिंत नीट पाहिली. उजव्या टोकाला चित्र नव्हतंच. ओल येऊन गिलावा कधीचा पडून गेलेला. तेवढी जागा करडी, ओकीबोकी.

"हां... सापडली सुईण. हात दिसला तिचा," चारुशीला म्हणाली.

आणि दिवा गेला.

रविकांतचा तोल सुटला. त्यानं पेटीवर थापा मारल्या. लाथ घातली. मराठीत, हिंदीत, अरबीत, येतील तेवढ्या शिव्या दिल्या. डोळ्यांत पाणी आलेलं आणि हात थांबत नव्हता.

"अहो, आपटू नका."

"मग काय करू? टाळ्या वाजवू?"

"आता दिसतंय मला."

त्याला वाटलं, आपली समजूत घालतेय.

"चारू, दिवा गेलाय."

"असू दे. नीट दिसतंय. बाजूचंसुद्धा."

ती सांगायला लागली. पलंगावरच्या चादरीचा रंग. सुईणीच्या कानातलं. अगदी सावकाश, वाचून दाखवल्यासारखं. मान फिरवत नव्हती आता. सरळ उभी. याला अंधारात बायकोचा चेहराही धड दिसत नव्हता.

"आणि उजवीकडे दारात एक बाई आहे."

"तिथं काही नाही. गिलावा पडलाय तिथला."

"आहे हो. हात पुढं करून उभी आहे..."

ती थांबली.

"काय झालं?"

"डोळे नाहीत तिला. आखणीच राहिलीय."

रविकांतनं अंधारात डोळे ताणून पाहिलं. 

"बिचारी," चारुशीला म्हणाली.

तिचा डावा हात त्याच्या दंडावर होता. उजवा वर गेला. ब्रश धरावा तशी बोटं जुळली. हवेत एक बारीक रेघ ओढली तिनं. वरची पापणी. मग खालची. मग दुसरा डोळा.

चारू, नको. असं त्याला म्हणायचं होतं. का नको, ते माहीत नव्हतं. 

शेवटी बुबुळं. एक. दुसरं.

"झालं."



म्हातारीच्या किल्ल्यांचा आवाज येत होता मघापासून. तो थांबला.

"अहो..."

"काय?"

"ती आता तिथं नाहीये."

रविकांत हलला नाही. उजव्या दंडावर चारूचा हात होता. आणि डाव्या दंडावर...

तो मला म्हणाला, राजाभाऊ, गार हात होता. चाचपडत नव्हता. बघून ठेवलेला.

खटकन सगळीकडचे दिवे लागले. म्हातारीनं बंद करायच्या आधी मोठे दिवे लावले असणार. डावीकडे कुणी नव्हतं. पण भिंती काय उजळल्या! निळा, सोनेरी, गुलाबी. मघापासून ज्याची भीक मागत होता तो उजेड आता फुकट मिळाला. रविकांतला सगळ्याचा विसर पडला. "चारू, बघ! बघ आता!"

चारुशीला भिंतीकडे तोंड करून उभी होती. डोळे उघडे.

"लावा ना हो दिवा," ती म्हणाली.

परत आल्यावर जाब्रियाचा डॉक्टर चक्रावला. पडदा होता तसाच आहे म्हणाला, आधीच्या रिपोर्टात आणि यात फरक नाही. मग दिसत का नाही? सांगता येईना. रविकांत त्याच्याशी भांडला. विमान कंपनीशी भांडला. त्या चर्चला मेल पाठवून भांडला, उत्तर आलं नाही. चारुशीला एकटीच शांत. "मी बघितलं ना सगळं," म्हणायची. याला ते ऐकवत नसे. तो तडक माझ्याकडे खाली यायचा आणि चहा गार होईपर्यंत नुसता बसायचा.

मग आली सव्वीस फेब्रुवारीची रात्र. लिबरेशन डे. तुम्हाला माहीतच आहे तेव्हा रस्त्यावर काय धुडगूस असतो. झेंडे, हॉर्न, फेसाचे फवारे, पाणी. रविकांत ड्यूटीवरून येताना ट्रॅफिकमध्ये अडकला. वैतागून, चडफडत घरी पोचला. घरात अंधार. तिला दिव्याचं काय काम?

आतल्या खोलीतून तिचा आवाज आला.

"पुढं?"

मग गप्प.

"हिरवी? अगं बाई!" आणि हसली.

रविकांत दारात थांबला. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. एकटी.

"कुणाशी बोलतेस?"

"खाली काय काय चाललंय ते विचारत होते. हिरवी गाडी आहे म्हणे. टपावर एक मुलगा बसलाय. एकाच पायात चप्पल."

त्यानं खिडकीतून वाकून पाहिलं. हिरवी गाडी. टपावर मुलगा. एक पाय अनवाणी.

"काका, सीरियसली?"

गप्प बस, अक्षदा. ऐक.

"कुणाला विचारत होतीस, चारू?"

 तिनं मान खिडकीकडे वळवली. कुणी हळू बोलत असलं की आपण कान देतो, तसा कान दिला. बाहेर हॉर्न बोंबलत होते. खोलीत... काही नाही.

मग ती त्याच्याकडे वळली. नेमकी त्याच्याकडे.

"अहो," ती म्हणाली, "ती म्हणते, तुम्ही रडताय."

तो रडत होता. आवाज न करता. दारात उभा राहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या काचेवर, आतल्या बाजूनं, पंजा उमटलेला दिसला. पांढरा. बाईच्या हाताचा, लांब बोटांचा. रविकांतनं बोट लावलं तर चुना. बिल्डिंगच्या हारिसला, म्हणजे वॉचमनला, बोलावून त्यानं त्याला झापलं. तो बापडा शपथा घेत राहिला, इथं कुणाकडे रंगकाम नाही, चुना तर कुवेतमध्ये मी बघितलेलासुद्धा नाही. रविकांतनं फडकं ओलं करून काच लख्ख पुसली. सकाळी पंजा पुन्हा तिथंच. तो परत फडकं आणायला निघाला, तेव्हा चारुशीला म्हणाली, "राहू द्या हो. तिथं टेकूनच ती बघते."

तेव्हापासून पुसत नाही तो.

मी जूनमध्ये वर गेलो होतो. बाहेर पन्नास डिग्री, वाळत घातलेला टॉवेल पाच मिनिटांत कडक होतो अशी दुपार. ती काच उन्हानं तापून चटका देत होती. मी त्या पंज्यावर बोट टेकवून पाहिलं. चुना ओला होता.