महामायाने उघडलेलं दार

ही गोष्ट घडलेली आहे. महामाया आजही नांदेडला राहते. तिच्यासमोर विषय काढला की ती उठून आत जाते.

गेल्या वर्षी दिवाळी तोंडावर आली होती. लातूर जिल्ह्यातलं एक छोटं खासगी संग्रहालय. भर दुपार.

त्र्याण्णवच्या भूकंपात पडलेल्या एका गावच्या वस्तू तिथे मांडल्यात. शेवटच्या दालनात कॉम्प्युटरवर गेम आहे. बाणांची बटणं दाबत त्या जुन्या गावातून फिरायचं.

गेम बनवला सोमेशने, महामायाच्या कॉलेजातल्या मित्राने. लहानपणी तापात महामायाची दृष्टी गेली. "दिसत नाही त्यालाबी एकट्यानं खेळता आलं पाहिजे. कसं, ते तूच सांग," म्हणत तो स्वतः तिच्या घरी आला होता.

सगळा पावसाळा ती त्यात गुंतली. आडापाशी रहाटाची कुरकुर. भिंत आली की ठक्. प्रत्येक दाराचा आवाज निराळा, म्हणजे घर कानाने ओळखावं.

गेमच्या उद्घाटनाला ती चांगुणामावशीला घेऊन आली. खुर्चीत बसली. हेडफोन लावला.

काहीच नाही...

"सोमेश, आवाज कुठंयत?"

तो जवळ येऊन हळू बोलला.

"काढले. संचालकांना गोंगाट वाटला. पण बाहेर पाटीवर हाय ना, अंधांसाठी सुलभ म्हणून. तुझं नावबी हाय."

"कधी काढले?"

"झाला महिना."

महिनाभर तो फोनवर बोलत होता. मस्त चाललंय म्हणत होता.

थोड्या वेळाने पावलं दाराकडे गेली. सगळे बाहेर पडले. सोमेशही. महामाया तिथेच बसली. रडायचं नव्हतं, म्हणून बोटं उगाच बाणांवर फिरवत राहिली.

आणि...

रहाट कुरकुरला.

एखादा आवाज राहिला असेल, तिला वाटलं. तिने पुढचा बाण दाबला.

"हिकडून ये, बाय. तिथं भिंत हाय."

म्हातारीचा आवाज. मायेचा.

गेममध्ये माणसाचा आवाज नव्हताच कधी.

ती तरी वळली.

"तुलाबी काढलं व्हय?"

 "हाव," महामाया म्हणाली.

"आत ये. हितं कुणी काढत न्हाई."

दार करकरलं. असं दार तिने सोमेशला सांगितलंच नव्हतं. पण त्या दिवशी तिच्याशी इतकं मायेने कुणी बोललं नव्हतं. ती आत गेली.

मागे कडी लागली...

शेजारी कुणीतरी श्वास घेतला. मग पलीकडे कुणीतरी. मग पुष्कळांनी.

खांद्यावर हात पडला. चांगुणामावशी होती.

"माया, कवाच्या हाका मारून राहिले. कोणाशी बोलून राहिलीस?"

"गेम चालू आहे, मावशी."

 मावशीने महामायाच्या कानावरचा हेडफोन काढला.

"लाईट गेली, माय. म्हणून तर समदे भाईर गेले. कॉम्प्युटर बंद हाय."

नंतर सोमेशने सगळे आवाज परत बसवले. का, ते सांगितलं नाही. फोन करून म्हणाला, "एकदा येऊन तपासून दे."

"त्यात बाईचा आवाज टाकलायस?"

"न्हाई."

तिने फोन ठेवला. त्याचं 'न्हाई' खरं की खोटं, हे तिला आता ओळखू येत नाही.

ती तिकडे परत गेली नाही. कडी लागल्याचं तिला पक्कं आठवतं.

कडी पुन्हा निघाल्याचं मात्र आठवत नाही...