उजनी उतरेपर्यंत

अपेक्षाच्या दुकानात ताडपत्री न्यायला दोनच प्रकारची माणसं यायची. ज्यांच्या घरी लग्न असतं ती, आणि ज्यांच्या रानात ऊस असतो ती. त्यामुळे डिसेंबरातल्या त्या दुपारी पाठीला रिकामी सॅक लावलेला एक उंच तरुण येऊन म्हणाला, "सहा बाय सात, हलकी द्या," तेव्हा तिनं सवयीनं विचारलं, "लग्न का ऊस?"

"बेट," तो म्हणाला.

तिचा कापडावरचा हात थांबला. "कसलं बेट?"

"उजनी धरणातलं. तंबू ठोकून राहायचंय एक रात्र." त्यानं मोबाईल पुढं केला. निळ्या पाण्यात एक तपकिरी ठिपका, आंब्याच्या कोयीएवढा.

अपेक्षा वाकून बघत राहिली. जरा जास्तच वेळ. मग हसली.

"कधी निघालात?"

"सव्वीस जानेवारीला. जोडून सुट्टी आहे."

"पोहता येतं?"

"का हो?"

"दोन पुरुष पाणी असेल तिथं. हा फोटो मे महिन्यातला आहे, साहेब. आत्ता उजनी शंभर टक्के. वीसच्या खाली उतरली की मगच हे वर येतं."

"तुम्हाला काय माहीत?"

"बेट कुठलं… आमच्या गावची टेकडी आहे ती."

"अय्यो!" म्हणत तो स्टुलावर बसलाच. नाव नंदीश, राहणार अक्कलकोट, चिंचोळी एमआयडीसीत मशिनं सांभाळायला. पण ताडपत्री मात्र त्यानं घेतली.

"मेपर्यंत काय करणार हिचं?"

"तयारी," तो म्हणाला.

गाव धरणात गेलं तेव्हा अपेक्षाचे वडील, सयाजी आबा, दहा वर्षांचे होते. त्यानंतर ते तिकडं फिरकले नाहीत. कधी चुकून बोलून जायचे की टेकडीवर बोरी होत्या, पतंगाला वारा मिळायचा. पण पोरीनं "मला दाखवा की," म्हटलं, की ठरलेलं उत्तर यायचं, "पाण्याखालचं काय बघायचं?" अपेक्षाला बघायचं होतं. एकदा तरी त्या मातीवर उभं राहायचं होतं. आणि आता एक परका माणूस तिथं चहा उकळायला निघाला होता!

दर रविवारी नंदीश यायचा. आधी दोरी न्यायला, मग खुंट्या न्यायला, मग काहीच न न्यायला. त्याच्या वहीत न्यायच्या सामानाची यादी वाढत गेली. आबा मागं पाठमोरे बसून ताडपत्रीला कड्या ठोकायचे.

"झोपायची पिशवी?" अपेक्षानं ओळ खोडली. "सोलापुरात राहून पिशवीत झोपता? चादर न्या. नूडल्सही नकोत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. आणि हे काय, कप २? दुसरा कुणाला?"

"एक हरवला तर…"

तिनं २ खोडून १ केला. पुढच्या रविवारी तिथं पुन्हा २ होता.

फेब्रुवारी सरताना तो आला तो स्टुलावर बसलाच नाही.

"बदली झाली. पंधरा मार्चपासून गुजरातला. दोन वर्षं."

"उजनी अजून बावन्नवर आहे," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"माझ्यासाठी काही ती लवकर उतरायची नाही."

कड्यांचा ठोका जरा चुकला. अपेक्षानं वही मिटली. "रोज आकडा कळवीन. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. टेकडी काय, कुठं जात नाही."

"टेकडीसाठी कोण एवढ्या लांबून येतंय…" तो म्हणाला, आणि वही तिच्याकडंच सोडून गेला.

मग रोज सकाळी सातला – "उजनी ४१."

"इथं उन्हाचं ४१. बरोबरी झाली."

"३३. जेवण मिळतं का नीट?"

"गोड वरण! चटणी धाडा."

मेमधल्या एका शनिवारी तिनं "१९" लिहिलं, आणि बोट अडलं. आकडे होते तोवर बरं होतं. आता तो आलाच नाही तर? शेवटी पाठवलं. दिवसभर उत्तर नाही. रविवारी सकाळीही नाही.

दुपारी काउंटरवर सॅक धप्पकन आदळली. या वेळी भरलेली.

"एकवीसचा आकडा आला तेव्हाच निघालो," नंदीश म्हणाला. केसांत धूळ, डोळ्यांत झोप. "फोन वाटेतच मेला. किती झाली?"

"एकोणीस," ती म्हणाली.

"तो दुसरा कप… हरवण्यासाठी नव्हता. तुमचा होता."

"माहितीय."

"मग खोडत का होता?"

"परत लिहिता का, ते बघायला."

मागं कड्यांचा ठोका थांबला. अपेक्षा वळली. विचारायचं होतं ते आत्ताच, नाहीतर कधीच नाही. "आबा, मी टेकडीवर जाऊ?"

आबा उठले. चष्मा लावला. पाण्याखालचं काय बघायचं, हे वाक्य ओठावर आलं असावं. पण पाणी तर उतरलं होतं. त्यांनी वही ओढून घेतली आणि ओळीओळीवर बोट फिरवलं.

"नारळ न्हाय लिवला. देवीचं ठाणं हाय तितं," ते नंदीशकडं न बघताच म्हणाले. "आन् बोरीची जागा तुमाला कोण दावणार?"

कानावरची पेन्सिल काढून त्यांनी कपांपुढच्या २ ला खाली एक आकडी जोडली. ३ झाला.

"माजा बिनसाखरेचा," आबा म्हणाले, आणि पुन्हा कड्या ठोकायला बसले.